स्टेजखालचा हौद

मला चौकशा करायची खोड आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या, उल्हासच्या मते ती जर्मनीत आल्यावर वाढली. वाढणारच. इथे कुणी आपणहून काही सांगत नाही, मग विचारावं लागतं.

आमचं गाव नेकारसुल्मजवळचं. मोटारींच्या कारखान्यामुळे सतत नवी घरं उभी राहतात आणि त्यांतल्या काहींत तरी मराठी माणसं राहायला येतात. आमच्या मंडळाचा गणपती बाप्टिस्ट चर्चच्या हॉलमध्ये बसतो. हॉल छान, लोक सज्जन, फक्त स्टेज वाईट. मुलं लेझीम खेळायला लागली की फळ्या हलायच्या आणि खालून घुमल्यासारखा आवाज यायचा.

"खाली पोकळ आहे," उल्हासनं ठोकून निदान केलं. तो आणि मंडळातला प्रसन्न दोघंही मेकॅनिकल इंजिनियर. त्यामुळे खाली काय आहे हे न विचारताच उपाय तयार: काँक्रीट भरून टाकू, मेहनत आमची. तरुण पास्टर खूश झाला. चर्चच्या सभेत विरोधात एकच हात वर गेला, फ्राऊ लिंडनर यांचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला नको वाटतं."

ऐंशी ओलांडलेली, हॉलच्या किल्ल्या सांभाळणारी ही शांत बाई एवढी अडून बसते म्हणजे काहीतरी असणारच. मला चैन पडेना. काम शनिवारी सुरू होणार होतं. त्याआधीच मी खोबऱ्याच्या वड्या घेऊन त्यांच्या घरी थडकले.

"स्टेजखाली काय आहे?" मी सरळच विचारलं.

"बाप्तिस्म्याचा हौद," त्या म्हणाल्या. मग वडी हातात तशीच धरून सांगत राहिल्या. "युद्धानंतर आम्हा जर्मनांना पूर्वेकडच्या देशांतून हाकलून दिलं. आम्ही इथे आलो तेव्हा हे खेडं होतं. वडील वीटभट्टीवर लागले. बाप्तिस्मा नेकार नदीत व्हायचा, आणि गावातले लोक काठावर हसायला जमायचे. म्हणून चर्च बांधताना सगळ्यांनी मिळून आधी हौद खणला, मग भिंती. एकेकाळी रविवारी बसायला जागा मिळत नसे. पुढे मुलं शिकली, स्टुटगार्टला गेली. गाव वाढत गेलं आणि आम्ही कमी होत गेलो. शेवटी हौदावर फळ्या घातल्या."

"पण आता वापरातच नाही, तर..."

"आमच्यात बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत," त्या म्हणाल्या. "मोठं झाल्यावर ज्यानं त्यानं स्वतः मागायचा. माझ्या मार्टिननं अजून मागितलेला नाही."

मार्टिन म्हणजे त्यांचा मुलगा. साठीला आलेला.

आमच्या उत्कर्षची मुंज आम्ही पुण्यात कार्यालय बुक करून उरकली होती. त्याला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ही बाई इतकी वर्षं नुसती थांबली होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

"अहो, मग सांगा ना त्याला, आई वाट बघतेय म्हणून!"

"नाईन, अजिबात नाही." एवढा कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "सांगितलं तर तो माझ्यासाठी येईल. तसा बाप्तिस्मा धरला जात नाही. तुम्हीही त्याला सांगायचं नाही."

घरी येऊन मी उल्हासला फर्मान सोडलं, "काँक्रीट रद्द."

"अगं, सभेत पास झालंय!"

"आल्झो, मग मंडळानं बेत बदलला म्हणून कळव. इंजिनियर ना तुम्ही? हौद तसाच राहिला पाहिजे, फळ्या उचलता आल्या पाहिजेत आणि मुलांना लेझीम खेळता आलं पाहिजे. लढवा डोकं."

त्यांनी लढवलं. हौदात लोखंडी सांगाडा बसवायचा, नट काढले की सगळा बाहेर. पास्टरनं मान डोलावली.

शनिवारी फळ्या निघाल्या. आत निळ्या टाइल्स, उतरायला पायऱ्या. तेवढ्यात आईला सोडायला आलेला मार्टिन आत आला आणि काठावर उभा राहिला.

"आई सभेत याच्यासाठी भांडली?" त्यानं मला विचारलं. "का?"

फ्राऊ लिंडनर दारात होत्या. त्यांची नजर माझ्यावर खिळलेली. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. सांगून टाकावं, दोघांचीही सुटका होईल, असं फार वाटलं.

"खाली पाइप आहेत," मी ठोकून दिलं. "बुजवलं तर भिंतींना ओल येईल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," उल्हासनं री ओढली.

मार्टिन मात्र हलला नाही. तो उकिडवा बसला, एका टाइलवरची धूळ बोटानं पुसली आणि आईकडे न बघता म्हणाला, "भरल्यावर पाणी कुठवर येतं?"

का विचारताय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"छातीपर्यंत," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, आणि घाईघाईनं पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागल्या. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.