लाल चिंधी

मनीषाच्या डोक्यात तीन महिने एकच आवाज घर करून बसला होता. पाकिटातून गोळी बाहेर पडतानाचा तो टक्! मखमलाबादच्या मळ्यात गवारीची शेंग मोडली तरी टक्, कपाटाची कडी लावली तरी टक्. आणि का छळू नये त्याने? करून बसली होती ना ती!

झालं होतं असं. मनीषाला स्वतःलाच पिंपल्सचा फार त्रास. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या त्या रक्त तपासून, आणि दोनदा बजावून. "ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील. मन फार उदास वाटलं तर लगेच या. आणि दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गोळ्या बंद केल्यावरही महिनाभर नाही. बाळात व्यंग येऊ शकतं." मनीषाचा चेहरा नितळ झाला आणि दोन पाकिटं उरली.

नणंद शुभांगीचं लग्न महिन्यावर आलेलं, आणि तिच्या हनुवटीवर हे एवढाले फोड. पोरगी रडकुंडीला आली. मनीषाने पाकिटं तिच्या हातात ठेवली. रोज एक घे म्हणाली, ओठांना तूप लाव म्हणाली, आणि मेलं जे सांगायचं तेच राहिलं! विसरली नव्हती हो. जिभेवर आलं होतं. पण समोर सासूबाई नवसाबाई हळकुंडं निवडत बसलेल्या. बिनलग्नाच्या पोरीशी दिवस जाण्याच्या गोष्टी कुठे कोण बोलतं आपल्याकडे? नंतर सांगू म्हणून ती गप्प बसली. लग्नाच्या धांदलीत ते राहूनच गेलं. मग शुभांगीच्या सासरी, सायखेड्याला, फोन लावायची आणि कट करायची.

आज शुभांगी पेढे घेऊन दारात उभी राहिली.

"मनीषा, मीठ आण गं, मोहरी घेतलीय मी. दृष्ट काढते पोरीची," नवसाबाई हरखून गेल्या. "दीड महिना झालाय. कुनाला सांगायचं नाय एवढ्यात."

मनीषाच्या हातातला तांब्याच सुटला. शुभांगी हसत होती, आणि हसताना तिचे ओठ चिरत होते. खपल्या धरलेले, कोपऱ्यात रक्त आलेले. गोळ्या सोडल्यावर मनीषाचे स्वतःचे ओठ पंधरा दिवसांत भरून आले होते.

"शुभा, गोळ्या अजून घेतेस?"

"तुमच्या संपल्या. मग रिकामं पाकीट दाखवून दुकानातून आणल्या. काल रात्रीसुद्धा घेतली. का हो?"

आता मात्र मनीषा थांबली नाही. सासूबाईंसमोर, धाकटा दीर ओम पेढा खात उभा असताना, सगळं बोलून टाकलं. "आजपासून एकही गोळी नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. चूक माझी आहे, तुझी नाही."

नवसाबाईंच्या मुठीतली मोहरी खाली सांडली. शुभांगीने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. तिचा एक हात पोटावर गेला होता. दारातून मिरचीचा वाफा दिसत होता. मनीषाच्या नवऱ्याने, हर्षलने, सकाळीच त्यावर कीडनाशक फवारलं होतं आणि काठीला लाल चिंधी बांधली होती. चिंधी असली की दहा दिवस त्या मिरचीला घरातलं लहान पोरही हात लावत नाही.

"वहिनी," शुभांगी हलकेच म्हणाली, "मिरचीलासुद्धा चिंधी बांधता तुम्ही. मला का नाही सांगितलंत?"

मनीषाने चपला घातल्या आणि तिचा हात धरला. हात गार पडला होता.