दोन्ही हात डावे

लग्न होऊन आले तेव्हा मला धड बटणही लावता येत नव्हतं. माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, टेडी, म्हणजे कापडी अस्वलं, शिवायच्या. त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी टाका घालायचा आणि त्यांनी म्हणायचं, "उसव." एका कानासाठी मी नऊ वेळा उसवलंय. कधीकधी वाटायचं, सुई अस्वलाऐवजी यांनाच टोचावी.

म्हणून मी स्वतःचा वर्ग काढला तेव्हा सगळ्यात आधी भिंतीवर पाटी लावली: पहिलं अस्वल उसवायचं नाही. कापूस बाहेर येत नाही ना, मग झालं.

दीड वर्षापूर्वी लकव्याने वन्संचा उजवा हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण मांडीवर नुसता ठेवलेला असतो. तेव्हापासून त्या खिडकीशी बसून राहायच्या आणि कोणी बोललं तर "हं" म्हणायच्या. गेला महिनाभर मी त्यांना ओढून वर्गाला आणत होते. शनिवारी सकाळी, लाँड्रीच्या वरच्या खोलीत आम्ही भरतो. सहा नवशिके आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, ते दर टाक्याला चष्मा पुसतात. एक बसड्रायव्हर आहेत, ते कापूस इतका ठासतात की अस्वलाची मान वळत नाही. वन्सं कोपऱ्यात बसायच्या आणि कशाला बोट लावायच्या नाहीत.

त्या शनिवारी जिना चढतानाच त्या म्हणाल्या की आजचा शेवटचा दिवस, दुसऱ्यांचं शिवण बघत बसायला मी काय परीक्षक आहे?  ही बाई परत त्या खिडकीशी गेली की पुन्हा उठायची नाही, हे मला कळत होतं.

वर्गात मी माझ्या नमुन्याच्या अस्वलाचे हात कसे बसवायचे ते दाखवणार होते. आधीच्या शनिवारी सगळ्यांसमोर कापलेले, घरी शिवून आणलेले. लवेच्या कापडाला उलट-सुलट असतं, त्यामुळे एक हात कापला की दुसऱ्यासाठी मापाचा कागद पालथा घालावा लागतो. हे मी प्रत्येक नवशिक्याच्या कानीकपाळी ओरडते. आणि हे हात कापताना माझंच अर्धं लक्ष वन्संच्या कोपऱ्यात होतं. दोन्ही हात बसवले, अस्वल टेबलावर ठेवलं आणि बघते तर एक तळवा पोटाकडे, दुसरा सरळ बाहेर. मी दोन डावे हात कापले होते.

 ड्रायव्हर हळूच म्हणाले की अस्वल हात दाखवून बस थांबवतंय बहुतेक. कोणी हसलं नाही. मग कोपऱ्यातून हसू आलं. दीड वर्षात ते हसू मी ऐकलं नव्हतं.

वन्सं उठून आल्या. अस्वल डाव्या हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"माझ्यासाठी मुद्दाम केलंस ना हे?"

इथे काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण माझं डोकंच फिरलं.

"मुद्दाम? कापडाचा भाव ठाऊक आहे तुम्हाला? सहा जणांसमोर माझं नाक कापलं गेलंय, वन्सं. चुकलं माझं. नवशिक्यासारखं चुकलं."

डॉक्टरांनी घाबरून सुई खाली ठेवली. वन्संनी अस्वलाचे तळवे पुन्हा एकदा पाहिले.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "एवढी हुशारी तुझ्यात नाही." आणि माझ्याच खुर्चीत बसल्या. "धर याला. नाक राहिलंय."

मी दोरा ओवून दिला आणि दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं. त्या डाव्या हाताने टाके घालू लागल्या. सुई निसटायची, भलतीकडूनच वर यायची. दोनदा माझ्या अंगठ्यात घुसली आणि मी ब्र काढला नाही. वीसेक टाक्यांना पाऊण तास लागला. बाकीचे आपापली कामं सोडून भोवती उभे होते. नाक झालं ते तिरकं, एका गालाकडे सरकलेलं.

वन्संनी ते लांब धरून पाहिलं. "उसव."

इतक्या वर्षांची सवय, माझा हात कात्रीकडे गेलासुद्धा. मग मी कात्री उचलून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"माझं पहिलं आहे का हे?"

"डाव्या हाताचं पहिलंच आहे."

त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मी रडत होते, ते लपवायचं मला सुचलंही नाही.

घरी निघालो तेव्हा अस्वल त्यांनी मला धरू दिलं नाही. उजव्या हाताच्या बेचक्यात ते खोचलं आणि डाव्या हाताने कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. निम्म्या जिन्यात थांबल्या.

"पुढच्या शनिवारी मोठ्या नेढ्याची सुई आण," त्या म्हणाल्या. "दोरा मी ओवणार."