केसरबाईचा चुना

केसरबाई जाऊन दोन महिने झाले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार जण बोलले. चौघांनीही तिच्या हातच्या भाकरीचं आणि शांत स्वभावाचं कौतुक केलं. तिचा नवरा कचरू पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होता आणि त्याला राग येत होता. शांत ती कधीच नव्हती. आणि भाकरी काय, सगळ्याच बाया करतात. दौलताबादच्या तटाला तिच्या हातचा चुना लागलाय, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याला बोलायला उभं केलं, तर तोही तिच्या नावापाशीच अडखळून खाली बसला.

म्हणून एका रविवारी त्यानं चपला घातल्या. बजाजनगरच्या घरातून निघताना सून विशाखा आडवी आली.

"मामा, ऊन किती है! गुडघे दुखतात तुमचे. ह्यांना सुट्टी मिळाली की जाऊ सगळे."

"तट बांधला तवा मी कुणाच्या सुट्टीची वाट बघितली नव्हती," कचरू म्हणाला आणि नगर नाक्यावरून कन्नडची एसटी धरून किल्ल्यावर पोचला.

बावीस वर्षांपूर्वी तो याच दरवाज्यातून थापी घेऊन आत जायचा. आज खिडकीवर तिकीट काढावं लागलं. तेव्हा तटाची दुरुस्ती निघाली होती आणि करमाडहून नवरा-बायको दोघं कामाला आली होती. तो गवंडी. ती चुना करायची. भिजवलेला चुना, वाळू, विटेचा चुरा, गूळ आणि बेलफळाचं पाणी चुन्याच्या घाण्यात पडायचं, बैल दगडी चाक ओढत फिरत राहायचा. केसरबाई दोन बोटांत चुना चोळून बघायची. "अजून रवा लागतोय. चार फेरे होऊ द्या," म्हणायची आणि गवंडी खोळंबले तरी घमेलं भरू द्यायची नाही.

आतल्या तटाचा तो तुकडा त्याला लांबूनच ओळखू आला. पंधरा-वीस हात लांब, सांधे अजून घट्ट. त्याच्यापुढे मात्र चुना भुगा होऊन गळाला होता आणि दगडांमध्ये गवत उगवलं होतं. कचरूनं सांध्यावर तळहात ठेवला. तेवढ्यात शिवराज नावाचा गाईड नाशिकची सात-आठ माणसं घेऊन तिथंच आला.

"हा बघा, यादवांच्या काळातला तट. आठशे वर्षं झाली, सांध्यात सुई जात नाही. आजच्या मजुराला जमेल का हे? आणि हे कोरलेलं फूल बघा. उलटं आहे ना? मुद्दाम बसवलंय. गुप्त दरवाज्याची खूण!"

मंडळींनी मोबाइल वर केले.

"बावीस वर्षं झाली त्याला," कचरू म्हणाला. "आठशे नाय."

शिवराज हसला. "काका, तुम्ही होते का तवा?"

"व्हय, होतो. दगड मी बसवले. चुना माझ्या बायकोचा है."

"म्हणजे बायकोनं चुना लावला म्हणा की!" टोपीवाला एक जण म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

कचरूनं हसू संपू दिलं. "व्हय, लावला. नखानं खरवडून दाखवा."

टोपीवाल्यानं खरंच नख लावलं. मग नखाकडे बघून हात खिशात घातला.

शिवराज जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "काका, माझं पोट है ह्याच्यावर. लोकांना खूण लई आवडते. कामून मोडता घालता?" कचरू हलेना, तेव्हा त्यानं आवाज चढवला. "बरं, तुम्हीच बांधला. मग फूल उलटं कुणी बसवलं, तेवढं सांगा!"

हाच सवाल बावीस वर्षांपूर्वी मुकादमानं केला होता. तेव्हा कचरू म्हणाला होता, "बाईनं दगड उलटा दिला." केसरबाई डोक्यावर घमेलं घेऊन तिथंच उभी होती. मुकादमानं सगळ्यांदेखत तिला झापलं, चुन्यावरून काढलं आणि दगड वाहायला लावलं. तिचा तुकडा तिथंच संपला. पुढचा चुना दुसऱ्यांनी केला.

कामावर ती दगड वाहत राहिली. घरी मात्र तिनं त्याला कधी सोडलं नाही. दूध उतू गेलं, सायकल पंक्चर झाली, त्याचा चष्मा हरवला, की ती म्हणायची, "सांगा, बाईनं केलं." शेवटी दवाखान्यात सलाईनची नळी त्याच्या पायात अडकून निघाली. नर्स रागावली. केसरबाई डोळे मिटूनच पुटपुटली, "सांगा, बाईनं केलं." तो हसला होता. मान्य मात्र त्यानं तेव्हाही केलं नव्हतं.

"मी बसवलं," कचरू मोठ्यानं म्हणाला. "जेवायच्या सुट्टीची घाई होती. दगड न बघताच ठेवला. मुकादम आला तवा मी बायकोचं नाव सांगितलं. तिचं काम गेलं. तिथून पुढं बघा, कसं गळालंय. खूण-बिण काय नाय. चूक है ती, अन् ती माझी है. सांधा तिचा है."

घोळक्यातल्या एका बाईनं विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"केसरबाई." ते त्याला नीट म्हणता आलं. बाईनं मोबाइल पुन्हा वर केला आणि फुलाखालच्या सांध्याचा फोटो काढला.

मंडळी पुढं निघाली. शिवराज मागं राहिला. "आता लोकांना काय सांगू मी?"

"हेच सांग."

"काका, लोकांना राजे लागतात."

"राजानं घमेलं उचललं व्हतं का कधी?"

"अन् नाय सांगितलं तर?"

"तर मी उद्या येतो. परवा बी येतो. एसटीत मला अर्धं तिकीट लागतं."

"वेडे झाले का काका? दुपारी इथं कुत्रं थांबत नाय."

"मग जागा मोकळीच है."

दरवाज्यातून पुढचा घोळका येताना दिसला. शिवराजनं त्याला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. कचरू फुलाखाली जाऊन उभा राहिला आणि माणसं जवळ येईपर्यंत तिथून हलला नाही.