पाठारेबाईंची बदली

पाठारेबाईंचा पारा वर्गात पाय टाकायच्या आधीच चढलेला असायचा. चढणार नाही तर काय? काळाचौकीची म्युनिसिपालटीची शाळा, आणि त्यात सातवी ड! बाई गिरगावच्या, आवाज खणखणीत, पण ह्या कार्ट्यांपुढे देवानेही हात टेकले असते. बाई फळ्याकडे वळल्या की मागून गिरणीचा भोंगा. संपात खरे भोंगे बंद पडले, तर पोरं तोंडाने वाजवायची.

"शिकून काय दिवे लावणार बाई? बाप घरी बसलाय," वर्गाचा दादा भिवा तोंडावर म्हणायचा.

हेडसरांनी साफ सांगितलं होतं, "इन्स्पेक्शनला साहेब येतायत. असाच गोंधळ दिसला तर ड तुकडी मोडणार. पोरं दुसरीकडे मावली तर मावली, नाहीतर जातील घरी." बाईंना ते फार झोंबलं. ह्या पोरांना शिव्या घालायचा हक्क फक्त आपला, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्याच आठवड्यात हजेरीला दुर्गाचं नाव पुकारलं, तर भिवाच आवाज बारीक करून "हजर" म्हणाला. वर्ग खदाखदा हसला.

"कुठाय दुर्गा?" बाई कडाडल्या.

"भायखळ्याला, आईसंगती भाजी विकते. मी तिची बदली."

गिरणीत कायम कामगार आला नाही, की गेटवर ताटकळणाऱ्या बदलीवाल्याला आत घ्यायचे. भिवाच्या बापाने, बुधाजीने, उमेदीची वर्षं अशीच काढली होती. छडीकडे गेलेला बाईंचा हात थांबला.

"काय रे, तुझा बाप बदलीवर लागला की नुसतं 'हजर' म्हणून घरी यायचा?"

"छ्या! पाळीभर कापडाचा साचा चालवायचा!" भिवा चिडलाच.

"मग तूही चालव. तिचा धडा आज तू शिकायचा आणि संध्याकाळी तिला शिकवायचा. ती आली की मी विचारणार. तिला नाही आलं, तर तुझी खैर नाही."

भिवाला वाटलं, स्वस्तात सुटलो. पण दुर्गा म्हणजे महाचिवट! दुसऱ्या सकाळी भिवा रडकुंडीला येऊन उभा. "बाई, बेरजेला छेद सारखा का करायचा? ती ऐकतच नाय!" त्याच्या तोंडून 'का' हा शब्द बाईंनी पहिल्यांदाच ऐकला. मग जो गैरहजर, त्याला बदली, असा वर्गाचा नेमच झाला. भोंगा वाजायचा, पण आता तास सुरू करायला.

इन्स्पेक्शनच्याच दिवशी लालबागला मोर्चात बस अडकली. बाई उतरल्या, पदर खोचला आणि भराभरा चालत सुटल्या. शाळेत पोचल्या तर सातवी ड चिडीचूप! गेली तुकडी, त्यांना वाटलं. पोरं घरी घालवली वाटतं.

धापा टाकत त्या दारात आल्या. साहेब मागच्या बाकावर बसलेले. शेजारी हेडसर रुमालाने घाम पुसत उभे. फळ्यापाशी भिवा, हातात खडू, आणि पहिल्या बाकावरून दुर्गा विचारत होती, "पण का?"

"अगं बये, पाव आणि अर्धा एकदम कसे मोजशील? आधी अर्ध्याचे दोन पाव कर, मग मोज!"

"तू कोण रे?" साहेबांनी विचारलं.

"पाठारेबाईंची बदली, साहेब."

साहेब हेडसरांकडे वळले. "हीच तुकडी मोडायची म्हणत होता?"

तेवढ्यात भिवाला बाई दिसल्या. त्याने खडू पुढे केला. "आल्या कायमवाल्या! सुटलो बुवा."

एवढा अभिमान बाईंना स्वतःच्या डिग्रीचाही वाटला नव्हता. त्या दुर्गाशेजारी बाकावर बसल्या आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुटतोस कुठे? पाळी पुरी कर."