राजपुत्राचा चेहरा

ताई मनाने एक रेघसुद्धा काढायची नाही. आधी माणूस उभा करायचा, मोबाइलवर फोटो घ्यायचा, मग त्यावरून चित्र. आणि माणूस म्हणजे दुसरा कोण, हक्काचा भाऊ! चष्म्याचं दुकान सोडून चाळिशीचा बारक्या तिच्या खोलीत चादर पांघरून, हातात झाडू धरून राजपुत्र व्हायचा. "हलू नकोस," ताई दटावायची. हा आपला पुतळा.

गोष्ट बाबांची, ढगांवरच्या राज्याची. दोन पिढ्यांची पोरं ती ऐकत झोपली होती. ताई आता ती गोष्ट चित्रांतून सांगणारं पुस्तक करत होती, आणि बाबा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. "शेवटी तुझा हात हातात असू दे रे," असं त्यांनी बारक्याला सांगून ठेवलं होतं. त्यानेही शब्द दिला होता.

एक पान मात्र ताईला जमेना. राजा गेल्याची बातमी बगळा राजपुत्राकडे आणतो, ते.

"असा काय बघतोस? बाप मेलाय तुझा, पाकीट नाही हरवलं!"

बारक्या डोळे वटारी, तोंड वाकडं करी. सगळं नाटकी.

एका दुपारी ताई बाबांच्या खोलीत डोकावली आणि दारातच थांबली. "बारक्या... बाबा गेले रे."

झाडू त्याच्या हातातून गळून पडला. ताईने मोबाइल वर केला, खटकन फोटो घेतला.

"मिळाला बाई एकदाचा! अरे वेड्या, घोरतायत ते आत."

बारक्या मटकन खाली बसला. मग हसलासुद्धा. करतो काय बिचारा! पण हिचं काळीज म्हणायचं की दगड? पान बघून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याने ते मनाआड केलं.

पुस्तक होत आलं, मुखपृष्ठ तेवढं राहिलं. तेव्हा एकदा दुकानात ताईचा फोन आला.

"बारक्या, बाबा जातायत. तुलाच शोधतायत. पळत ये!"

"आता मुखपृष्ठावरही रडका चेहरा हवाय वाटतं?" बारक्या हसला. "पुरे झाली गं थट्टा."

फोन पुन्हा वाजला. त्याने बंदच करून टाकला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सगळा किस्सा रंगवून सांगितला. दोघं पोट धरून हसले.

थोड्या वेळाने ताईचा नवरा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. "चला," एवढंच म्हणाला.

बाबांचा हात चादरीवर उघडाच पडला होता. बारक्याने तो हातात घेतला. गार होता. तो रडला नाही, ओरडला नाही, नुसता त्या हाताकडे बघत राहिला.

पलीकडे ताई बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने भावाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"चुकलंच रे माझं," ती म्हणाली.

बारक्याने मान वर केली.

"राजपुत्राचा चेहरा असा हवा होता." तिने उशीजवळचा मोबाइल उचलला. "हलू नकोस."