पाठमोरी

संगणकावरच्या भयखेळांचे अर्थ सांगणं हाच तिचा धंदा होता, आणि त्या धंद्यात तिचं नाव पडलं होतं उलगडाताई. बड्या कंपन्यांच्या खेळांना ती हात लावत नसे. कुणीतरी एकट्याने घरी बसून, पदरमोड करून बनवलेले छोटे खेळ ती हुडकून काढायची, खेळायची आणि मग व्हिडिओत समजावून सांगायची, की भिंतीवरची ओल कशाची खूण आहे आणि दार आतूनच का वाजतं. बोलणं पाल्हाळाचं, पण असं गोड, की माणूस हातातलं काम टाकून ऐकत बसे.

'मंद आच' हा खेळ तिच्या हाती लागला तेव्हा तिला घबाडच सापडल्यासारखं झालं. एका तरुणीने तो एकटीने केला होता. आपण एका लहान मुलीच्या रूपात घरभर फिरायचं. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी असते, कायम पाठमोरी. तिच्या समोर जायला लागलं की दिवा जातो, आणि परत येतो तेव्हा तिची पाठच आपल्याकडे असते. आरशांवर चादरी टाकलेल्या. टेबलाला तीन खुर्च्या, पण ताटं दोनच. भूत नाही, रक्त नाही, तरी अंगावर सरसरून काटा येतो.

उलगडाताईने अर्थ लावला, की तिसरी खुर्ची मेलेल्या बाळाची. आईनेच त्याचा जीव घेतला, म्हणून तिला आरशात स्वतःचं तोंड बघवत नाही.

तिचे व्हिडिओ कापून-जोडून नीट करायचं काम नवऱ्याकडे होतं. तो म्हणाला, "त्या मुलीला विचारलंस का? खेळाच्या शेवटी पत्ता दिलाय तिने, लिहा म्हणून."

"खेळ एकदा बाहेर आला की तो बघणाऱ्याचा," ती म्हणाली. "मी तिला कशाला विचारू?"

बोलायला हे ठीक होतं. खरी गोष्ट अशी, की पत्र लिहायला ती बसली होती आणि उठली होती. त्या मुलीने 'नाही' म्हटलं असतं तर एवढा सुरेख अर्थ हकनाक वाया गेला असता.

खेळाच्या शेवटी एक ओळ होती: 'आईला, आणि तिच्या शिवणयंत्राला, ज्याची खडखड या खेळात वाजते.' उलगडाताईने ती ओळ पडदाभर मोठी करून दाखवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे ही आई खरी आहे, मंडळी."

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. आठवड्याच्या आतच त्या तरुणीचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलत होती.

"आईचं शिलाईचं दुकान लोकांनी शोधून काढलं. शटरवर कुणीतरी लिहून गेलंय, बाळ कुठे आहे. एक बाई शिवायला दिलेला कोट अर्धवट तसाच परत घेऊन गेली."

उलगडाताई म्हणाली, "पण ती तिसरी खुर्ची..."

"बाबांची. ते जहाजावर असायचे. बाळ-बिळ काही नाही त्यात. तुम्ही एकदा विचारायचं तरी होतं हो!"

उलगडाताईने व्हिडिओ तडकाफडकी काढून टाकला. हात जोडून माफी मागणारा दुसरा टाकला. पण पहिल्याच्या नकला दहा ठिकाणी फिरत होत्या, आणि माफी बघायला कोण येतंय? तिला जेवण जाईना. नवरा 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. शेवटी तिने ठरवलं, की त्या माउलीचे प्रत्यक्ष पाय धरायचे. मुलीला न कळवताच ती दुसऱ्या गावी दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकान चिंचोळं होतं. टाचण्यांची डबी, खडूचे तुकडे, हँगरवर कच्ची शिलाई घातलेली एक पँट. शटरवरची अक्षरं घासून काढली होती, तरी उन्हात दिसत होती. मशीनवर बसलेल्या बाईने मान वर केली आणि ती हसली. ओठाचं एकच टोक वर गेलं. डावी बाजू जागची हलली नाही, आणि पापणी मिटली तीही अर्धीच.

त्याच क्षणी उलगडाताईला सगळा खेळ कळला. आता मात्र बरोबर कळला.

तिने आपण कोण ते सांगितलं, माफी मागितली, मागता मागता रडली. बाईंनी तिला स्टूल सरकवून दिलं. "रडू नका. लोक येतील हळूहळू. कपडे उसवायचे काही थांबत नाहीत." मग दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "एक विचारू? त्या खेळात मी पाठमोरी का? लेक म्हणते, तिला तोंड काढायला जमलं नाही. तुम्ही तर अर्थ सांगता."

इथे गप्प बसायचं होतं. 'मला माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण उत्तर जिभेवर तयार होतं आणि एकदा तरी खरं ठरायची तिला इतकी घाई झाली होती, की ती बोलून गेली, "तुमच्या चेहऱ्याला हे झालं तेव्हा ती लहान असेल. घाबरली असेल. म्हणून तुम्ही तिच्याकडे पाठ करत होता ना?"

मशीनचं चाक बाईंनी हाताने थांबवलं.

"लकवा मारला तेव्हा चार वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "किंचाळून पलंगाखाली शिरली. मग मी आरसे झाकले. तिच्यासमोर दिवा घालवायचे. मला वाटत होतं, विसरली. इतकी वर्षं त्याच भरवशावर होते मी."

उलगडाताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकदा खोटं बोलून हिला छळलं, आता खरं बोलून.

"दाखवा मला तो खेळ," बाई म्हणाल्या.

नाही कसं म्हणणार? तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. बाईंनी चष्मा चढवला आणि एका बोटाने त्या चिमुरडीला चालवत स्वयंपाकघरात नेलं. आईच्या पाठीमागे नेऊन उभं केलं आणि बोट काढून घेतलं. पडद्यावर काहीच घडेना. पातेलं रटरटत होतं, मागे खडखड चालू होती.

"ही इथे उभी राहायची?"

"हो."

"मला वाटायचं, घाबरून आत पळाली असेल. मी मागे वळूनच बघितलं नाही कधी." बाईंनी पडद्याला नखाने हलकेच स्पर्श केला. "ही तर वाट बघतेय."

लेक डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. तिने पडदा पाहिला, आईचे भरलेले डोळे पाहिले, मग स्टुलावरच्या बाईला ओळखलं.

"तुम्ही हिला सांगितलंत?"

"सांगितलं," उलगडाताई म्हणाली. सबब सांगायची सोयच नव्हती.

"ते मी सांगणार होते. माझ्या तोंडाने. त्याआधी हिंमत यावी म्हणून तर खेळ केला." तिचा आवाज फाटला. "तुम्ही जा इथून. आत्ता."

"अगं, दमाने घे," आई म्हणाली. पण थांबा असं काही ती म्हणाली नाही. उलगडाताईने लॅपटॉप उचलला, तेव्हा लेक आईसमोर गुडघ्यांवर बसली होती. आईने सवयीने मान फिरवली होती आणि लेक हनुवटीला धरून ती आपल्याकडे वळवत होती. हे बघायचा आपल्याला हक्क नाही, एवढं तिला कळलं, आणि ती मागे न बघता बाहेर पडली.

पुढे दुकानाची गिऱ्हाइकं परत आली, थोडी आली नाहीत. हे तिला इकडून तिकडून कळलं. विचारायला तोंड नव्हतं. ज्यांनी ज्यांनी तिचा व्हिडिओ उचलला होता, त्यांना ती अजून एकेक करून लिहिते, की ते खोटं आहे, काढून टाका. काही जण काढतात. परवा एकाने उत्तर पाठवलं: 'ताई, खरं काय असेल ते असो, बाळाचा अर्थच भारी होता.'

तिने त्याला पुन्हा लिहिलं.