आमच्या घरातल्या दोन सायकली

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. रंगाने निळी, बांध्याने लेडीज. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण आमच्या कोल्हारच्या घरात माझ्याखेरीज आणखी एक सायकल होती. तिला चाके नव्हती, घंटी नव्हती, ती कुणाला दिसतही नव्हती. पण आम्हा दोघींच्या नावाचा घोळ झाला आणि माझा जीव टांगणीला लागला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाइप कापले, वाकवले, जोडले, रंगात बुडवले. मग माझ्यासारख्या पुष्कळ बहिणींबरोबर ट्रकमधून मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर उतरले. ज्या मुलींची शाळा लांब, त्यांना सायकली मिळणार होत्या. गुरुजींनी नाव पुकारले आणि आठवीतली मोनिका पुढे आली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात आणि ती मावशीकडे राहून शिके. पहिले काही दिवस ती माझ्यावर बसलीच नाही. टायर झिजतील म्हणून मला हाताने धरून शाळेत नेई.

मैत्रिणी चिडवत, "मोने, सायकल तुला नेती का तू सायकलीला?"

पुढे ती बसली आणि आम्ही शाळा केली, मग कॉलेजही केले. उन्हाळ्यात माझ्या हँडलला पाण्याची कळशी लटकत असे, परीक्षेच्या दिवसांत कॅरियरवर एखादी मैत्रीण. "मोनिकाची निळी आली" असे लोक म्हणत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

लग्नात मी सामानाच्या टेम्पोवर चढून कोल्हारला आले. सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, मला पाहून कपाळाला हात लावला. "लोकांच्या सुना फ्रीज आणत्यात. आमच्या सुनंनं सायकल आणली!" पण महिना सरायच्या आत त्याच म्हणू लागल्या, "मोनिका, तेवढं दळण आण गं सायकलीवर."

माझी जागा पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. त्यामुळे घरातले बहुतेक बोलणे मला ऐकू येते. बरीच वर्षे गेली आणि घरात पाळणा हलला नाही. मोनिकाचा नवरा आदिनाथ दुधाचा टेम्पो चालवतो. दोघे नगरच्या एका दवाखान्यात जाऊ लागले. तिथे आईचे आणि वडिलांचे बीज काचेच्या बशीत एकत्र करतात. त्यातून इवलासा गर्भ तयार झाला की तो आईच्या पोटात ठेवतात आणि तो रुजायची वाट पाहतात. या उपचाराच्या एका फेरीला तिथले लोक 'सायकल' म्हणतात. घरातली मोठी माणसे 'ट्रीटमेंट' म्हणत. 'सायकल' हा शब्द फक्त नवराबायकोत चालायचा.

"पुढच्या महिन्यात आपली सायकल सुरू होईल," असे खिडकीतून पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला वाटले, आता तेलपाणी होणार. खरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. आबांना तर माझ्याहून जास्त लागला.

आबा म्हणजे मोनिकाचे सासरे, गहिनीनाथ. साखर कारखान्यात यंत्रांच्या धडधडीत आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू येते.

गर्भ पोटात ठेवून झाला आणि वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. मोनिका जपून चाले, जपून हसे, शिंक आली तरी घाबरे. त्यातच साळूबाईंना ताप भरला आणि घरातले पीठ संपले. मोनिकाने दळणाचा डबा माझ्या कॅरियरवर बांधला आणि मला हाताने धरून सावकाश गिरणीपर्यंत नेले. शाळेत पहिल्या दिवसांत नेई तसेच. ती एकदाही बसली नाही. डबा कॅरियरवरून सारखा घसरत होता. वाटेत शेजारच्या छबूबाई भेटल्या.

"अगं बया! या दिवसांत सायकल?"

"बसले न्हाई काकू, ढकलत नेती."

"ढकलणं काय कमी असतं व्हय?" एवढे बोलून छबूबाई निघून गेल्या. बोलणे मात्र मोनिकाच्या मनात राहिले. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. उभ्या उभ्या माझ्या मागच्या चाकातली हवा गेली.

रक्ततपासणीच्या दिवशी दोघे नगरला गेले. साळूबाई रानात होत्या. फोन वाजला तो आबांनी उचलला.

"आबा, सायकल फेल गेली. आईला सांगा." आदिनाथचा आवाज बसलेला होता.

"काय? सायकल?"

"हा, सायकल. फेल. ठेवतो मी."

आबा फोनकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे आले, चाक दाबून पाहिले आणि मान हलवून म्हणाले, "तरीच!"

त्यांनी मला एसटी स्टँडजवळ नूरमहंमदचाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेले.

"काय आबा, सूनबाईची सायकल आज तुमच्याकडं?"

"फेल गेली म्हणं. पोराचा फोन आला नगरवरनं."

चाचा हसले. "नगरात बसून त्याला हिची हवा गेलेली कळली? भारी पोरगं हाय."

"आता समदं मोबाईलवर कळतं बाबा."

नवी ट्यूब पडली, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल मिळाले. चाचांनी भिंतीवरची एक लहान मुलाची सीट काढली आणि विचारले, "ही बसवू का मागं? उद्या नातू बसंल."

आबांनी हे मात्र एका झटक्यात ऐकले. "बसव," ते म्हणाले.

मित्रांनो, इतकी नटून मी लग्नातही आले नव्हते. अंगणात उभी होते आणि दोघांची वाट पाहत होते. दोघे आले. मोनिकाचे डोळे सुजले होते.

"ये गं पोरी," आबा उत्साहाने म्हणाले. "केली बघ नीट. आता कुठं बी जा, फेल जायची न्हाई. नातवाला बी जागा केलीया."

मोनिका सीटपाशी थांबली. तिने सीटवर हात ठेवला, काढला आणि ती आत गेली. आदिनाथने वडिलांना बाजूला नेले. ही गोष्ट हळू सांगायची होती. पण आबांना हळू बोललेले ऐकू येत नाही. दोनदा सांगून पाहिल्यावर त्याला ओरडावेच लागले.

"आबा, ट्रीटमेंट फेल गेली! पोर राहिलं न्हाई! ट्रीटमेंटलाच सायकल म्हणत्यात!"

आळीतली भांडी घासायची थांबली. आबा खाली बसले. ते माझ्या चाकाची माती धोतराने पुसत राहिले.

थोड्याच वेळात छबूबाई आल्या. "मी तवाच म्हणले हुते, साळूबाई. दळणाला सायकल घेऊन गेल्ती ना? त्यापायीच झालं."

साळूबाई गप्प राहिल्या. ते दळण त्यांच्याच तापात आणलेले होते. त्या एक शब्द बोलत्या तर आत भिंतीशी बसलेल्या मोनिकाला तेवढाच आधार झाला असता.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून मला तिचा आवाज आला. "अहो, ती सायकल भंगारात देऊन टाका. मला नको दारात ती."

"आणि दवाखाना?" आदिनाथने विचारले. "त्यांनी पुढचं ठरवायला बोलावलंय."

"मी न्हाई जाणार. परत तेच. परत माझंच कायतरी चुकायचं."

तेव्हापासून माझी झोप उडाली. आमच्या आळीत भंगाराचा टेम्पो येतो. त्याच्या भोंग्यातून आवाज येतो, "लोखंड, पत्रा, जुनी सायकल!" लोखंड म्हटले की मी सावध होते, पत्रा म्हटले की थरथरते आणि पुढचा शब्द ऐकायच्या आत माझी चेन आवळते. भीती एकट्या माझ्या जिवाची नव्हती. मला विकले असते, तर सायकल ढकलल्यामुळेच मूल गेले, यावर घराचा शिक्का बसला असता. मग मोनिका पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढली नसती.

टेम्पो आला आणि नेमका आमच्या दारात थांबला.

"मावशी, निळी द्यायची का?" भंगारवाल्याने विचारले.

साळूबाईंनी आत पाहिले. ओट्यावर बसलेल्या आबांनी कानाला हात लावला. "काय म्हणतो रं?"

"सायकल! सायकल द्यायची का?"

"का म्हणून?" आबा उठले आणि माझे हँडल धरून उभे राहिले. "एकदा फेल गेली म्हणून दारातनं काढायची व्हय? तिचा काय दोष? जा पुढं!"

ते माझ्याबद्दल बोलले की दुसरीबद्दल, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मोनिका दारात येऊन उभी होती. टेम्पो वळणापलीकडे गेला, तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुमी नगरला येता का आमच्यासंगं?"

"मी? मला काय ऐकू येतंय तिथं?"

"म्हणून तर. तुमच्यापुढं डॉक्टरीणबाईंना मोठ्यानं बोलावं लागंल. मागच्या येळंला त्या काय बोलल्या, मला कायच ऐकू आलं न्हाई."

नगरला जायच्या दिवशी मोनिका मला धरून स्टँडपर्यंत आली आणि तिने मला चाचांच्या दुकानात ठेवले. चाचा पुढे आले. "बेटी, मला ठाऊक नव्हतं. ही सीट काढून टाकतो."

"आल्यावर बघू," ती म्हणाली.

दिवसभर नगरकडून येणाऱ्या प्रत्येक एसटीला मी आशेने पाही आणि लगेच घाबरे. ऊन कलल्यावर ती तिघे उतरली. आबा लांबूनच बोलत येत होते, आणि त्यांचे बोलणे म्हणजे भोंगाच. त्या दिवशी मला तो भोंगा गोड वाटला.

"नूरमहंमद, मी सरळ इचारलं! सायकल ढकलल्यानं गेलं का? बाई म्हणल्या, न्हाई. चालल्यानं जात न्हाई, दळण आणल्यानं जात न्हाई. रुजलं न्हाई, एवढंच. दरवेळी कारण सापडतंच असं न्हाई."

"आबा, हळू!" आदिनाथ म्हणाला.

"हळू कशापायी? फेल गेलेलं आळीनं ऐकलं ना? मग हे बी ऐकू दे!"

मोनिका कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मग तिने चाचांना नीट सांगितले. दवाखान्यात दोघांचे आणखी दोन गर्भ गोठवून ठेवलेले आहेत. घाई नाही. आधी आदिनाथच्याही काही तपासण्या होतील. ती स्वतः दोन महिने थांबणार आहे. "त्यानंतर करायचं का न्हाई, ते मी ठरवणार. तवर कुणी इचारायचं न्हाई."

चाचांनी पाना उचलला आणि सीटकडे बोट केले.

"राहू द्या चाचा," मोनिका म्हणाली. "कॅरियरवरनं पिठाचा डबा लई घसरतो. त्यात नीट बसंल."

त्या आठवड्यात ती माझ्यावर बसून गिरणीत निघाली. छबूबाई आमच्या दारासमोर वाटेत उभ्या होत्या. मोनिकाने घंटी वाजवली. या खेपेला साळूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "छबू, बाजूला हो. माझी सून येतीया."

मित्रांनो, ते दोन महिने आता संपत आले आहेत. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. दुसऱ्या सायकलीला मी तेल देऊ शकत नाही, तिचे पंक्चर चाचाही काढू शकत नाहीत. मोनिका खिडकीशी गप्प उभी राहिली की माझे ब्रेक आपोआप आवळतात. आबाही घाबरतात. विचारायचे नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मग ते माझ्याजवळ येतात आणि मोठ्याने म्हणतात, "सायकल कशी हाय?"

"कुठली, आबा?" मोनिका आतून विचारते.

"हीच की. निळी!"

"बरी हाय."

माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या आळीत एखाद्या दारातली सायकल बरेच दिवस हललेली दिसली नाही, तर 'काय झालं, कुणामुळं झालं' असे विचारत आत जाऊ नका. तिच्या चाकात हवा भरा आणि या. माणूस बाहेर पडेल तेव्हा पडेल. त्या दिवशी चाक बसलेले नसावे.